मागच्या सीटवरची झोप

आमच्या घरी मोटार आली ती दुसऱ्या गाडीला दोरीनं बांधून, ओढत. बरकतपुऱ्याच्या आमच्या गल्लीत ती वळली तेव्हा आबा आत स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, जणू तेच चालवत होते, आणि गल्लीतली माणसं आपापल्या पायऱ्यांवर येऊन उभी होती. गाडी जुनी, विलायती, पोटाला गोल, दिवे बटबटीत. रंग कधीकाळी निळा असावा. कुण्या जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, ती वर्षानुवर्षं चिंचेखाली उभी होती आणि तिचं इंजिन तडकून गेलं होतं. जहागीरदार वारले, मुलं परदेशी गेली, आणि कारभाऱ्यानं ते धूड आबांच्या गळ्यात घातलं, असं आई म्हणायची. आबा म्हणायचे, "गळ्यात घातलं नाही गं, मी मागून घेतलं."

आबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. रस्ते, पूल, मोऱ्या. बोटांना कायम शाईचा वास. स्वभावानं इतके बेतशीर, की भाजी आणतानासुद्धा आधी गल्लीच्या टोकाला उभे राहून विचार करायचे. अशा माणसाला मोटारीचं वेड कुठून लागलं हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांचं गाव उदगीरच्या पुढं. त्या गावात माझ्या आजोबांना, पाटलाची गाडी समोरून आली की रस्ता सोडून खाली उतरावं लागायचं, आणि धूळ बसेपर्यंत तिथंच मान खाली घालून उभं राहावं लागायचं. हे आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही भाकऱ्या थापताना, परातीकडं बघत. "त्यांना त्या रस्त्यानं एकदा स्वतःच्या मोटारीत जायचंय," ती म्हणाली. "जाऊ दे. पण मला त्या मोटारीचं भ्या वाटतं."

आईचं भय पहिल्या दिवसापासूनचं. आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर, आणि गाडी खाली घरमालकांच्या अंगणात. नवं इंजिन बसवून आणल्यावर आबा रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी ते सुरू करून बघायचे. मांडणीवरचे पितळी पेले आधी बारीक थरथरायचे, मग एकमेकांवर वाजायला लागायचे. चिंचेचं आंबट सार, खट्टा, फोडणीला टाकला असेल तर आई पातेल्यावर झाकण ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरायची. शेवटी एकदम थांबायचं सगळं, आणि ती शांतता आणखी वाईट वाटायची. माझी धाकटी बहीण छबू तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तिला मात्र गाडी म्हणजे आपलं दुसरं घर. शाळेतून आली की मागच्या सीटवर चिंध्यांची बाहुली घेऊन लवंडायची आणि तिथंच झोपायची. त्या सीटचं कातडं फाटलं होतं, आतून काथ्या निघाला होता, तरी तिला तिथं आमच्या गोधडीपेक्षा गाढ झोप लागायची.

नवं इंजिन म्हणजे नवं नव्हेच. अफझलगंजच्या मागच्या बोळात करीमभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी एका मोडीत निघालेल्या मालवाहू व्हॅनचं इंजिन धुऊन, पुसून, आमच्या गाडीच्या पोटात बसवलं. मी आबांबरोबर बघायला गेले होते. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि आबांना वाटायचं, शिकलेल्या मुलीला सगळं कळलं पाहिजे. करीमभाई पन्नाशीचे, दाढीला मेंदी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. ते बॉनेटवर वाकून म्हणाले, "साब, इंजन तो बैठ गया. लेकिन इसका मुँह उल्टी बाजू कू है."

"म्हणजे?" आबांनी विचारलं.

"पुराने का धुआँ बाएँ से निकलता था. ये दाएँ से निकालता. और दाएँ कू स्टेरिंग का डंडा है ना, साब. पाइप जाता किधर से?"

अडचण एवढीच होती, आणि सगळं पुढचं त्यातूनच झालं. गाडी ज्या इंजिनासाठी बनली होती त्याचा धूर डाव्या अंगानं बाहेर पडायचा. तिथं खाली सायलेन्सरच्या पाइपाला सरळ वाट ठेवलेली होती. नव्या इंजिनाचा धूर उजवीकडून, आणि उजवीकडं चालवणाऱ्याचे पाय, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचा दांडा. तेवढ्या बोटभर फटीतून तापून लाल होणारा पाइप न्यायचा, इंजिनाखालून डावीकडं वळवायचा आणि मागं पोचवायचा. आबांनी त्याचा नकाशा काढला. करीमभाईंनी तो भिंतीला चिकटवला, मान हलवली, आणि पाइप जिथं जागा मिळेल तिथून वाकवला.

पहिला पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासायचा. हे कळलं ते काचीगुड्याच्या वळणावर. आबांनी चाक डावीकडं फिरवलं, ते फिरलं, आणि परत येईना. गाडी तिरकीच निघाली, थेट फुटपाथवरच्या केळेवालीकडं. आबा दोन्ही हातांनी झोंबत होते, त्यांच्या मानेच्या शिरा मी मागून बघत होते. खट्कन काहीतरी सुटलं आणि गाडी सरळ झाली. केळेवाली तेलुगूत आमच्या सात पिढ्या काढत राहिली.  घरी येऊन आबांनी हात धुतले, खूप वेळ धुतले.

दुसरा पाइप करीमभाईंनी खालून काढला. तो इतका खाली लोंबत होता, की आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावर आपटून उखडला. मग जो आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. सायलेन्सर सुटलेल्या गाडीचा आवाज छातीत घुसतो. मागं पाइप रस्त्यावर घासून ठिणग्या उडत होत्या आणि छबू मागच्या काचेतून टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या वेळी त्यांनी पाइप वर, अगदी गाडीच्या तळाला भिडवून नेला. मग तळ तापायला लागला. एकदा आईला जबरदस्तीनं बसवून आबा तिला कुकटपल्लीकडं नातलगाकडं घेऊन गेले. तेव्हा ती सगळी वस्ती अर्धी माळरान होती. पोचल्यावर आई उतरली तर तिची रबरी चप्पल आतच राहिली, खाली पत्र्याला चिकटून. तिनं ती ओढून काढली, तळवा बघितला, तो विरघळून मेणासारखा झाला होता. ती आबांना म्हणाली, "तुमच्या गाडीला पाय खायला लागतात." येताना सगळा रस्ता ती पाय वर घेऊन, मांडी घालून बसली.

आज मी त्याच कुकटपल्लीत राहते, मुलाकडं, बाराव्या मजल्यावर. खाली तळघरात शंभर गाड्या उभ्या असतात आणि एकीचाही आवाज वर येत नाही. माझी नात मराठी बोलते पण वाचताना अडखळते. हे मी लिहितेय ते तिला वाचून दाखवावं लागणार. परवा तळघरात एक तरुण पोरगा गाडीच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून, थंड हवेत डुलकी काढत होता. मी जाऊन काचेवर दणादणा हात मारले. तो दचकून उठला, काच खाली करून म्हणाला, "क्या हुआ आंटी?" काय झालं ते मी त्याला सांगू शकले नाही. 

तर गावाकडं काकांच्या मुलीचं लग्न निघालं. आबांनी तळावर जाड पत्रा आणि त्यावर पोत्याची चवड घालून घेतली, चटके बसायचे थांबले. उरली होती एकच गोष्ट. व्हॅनचा सायलेन्सर लांबीला जास्त होता, त्यामुळं त्याच्या पुढची शेपटी, म्हणजे धूर बाहेर सोडणारी नळी, डिकीच्या खालीच संपत होती. मागच्या बंपरच्या बाहेर येत नव्हती. शिवाय पाइप दोन-तीन तुकडे जोडून केलेला, आणि व्हॅनचं इंजिन आमच्या गाडीत असं काही थरथरायचं, की तो जोड सारखा ताणला जायचा. करीमभाई म्हणाले, "अब्बी कच्चा है साब. थोडे दिन और छोडो मेरे पास."

"शादी है, भाई," आबा म्हणाले. "वापस आकर छोडता हूँ."

करीमभाईंनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाले, "धीरे चलाओ." दोघांच्याही मनात धाकधूक होती ती रस्त्यात बंद पडण्याची. त्यापलीकडचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आम्ही निघालो ते हिवाळ्यातल्या सकाळी, चांगलं उजाडल्यावर. आईनं ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तेलात परतलेली अंबाडी बांधून घेतली होती. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गावाच्या अलीकडं बदलायला दुसरा एक घडी करून घेतला होता. ते चालवायला, मी त्यांच्या शेजारी, आणि मागं आई नि छबू. संगारेड्डी सोडल्यावर गार वारा झोंबायला लागला. आईनं मागच्या दोन्ही काचा गच्च लावल्या, आबांनी आपली लावली. माझ्या बाजूची काच चार बोटं वर यायची राहायची, तिचं चाक झिजलं होतं. त्या फटीतून गार वाऱ्याची धार माझ्या कानावर येत होती. मी सारखी कुरकुरत होते. ओढणी गुंडाळून कान झाकला तरी कपाळ बधिर झालं होतं.

पहिल्यांदा आई म्हणाली, "डोकं दुखतंय गं." तिला गाडी लागते, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग छबू म्हणाली, "आई, मळमळतंय." आईनं तिला लिंबू हुंगायला दिलं. थोड्या वेळानं छबूची बडबड थांबली. मी वळून पाहिलं तर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, गाल लालसर, अगदी सुखानं. मला तिचा हेवा वाटला. आई काचेला डोकं टेकून डोळे मिटून होती.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. गाडीचा एकसुरी घोगरा आवाज चालू होता, आणि त्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे असं मला वाटायला लागलं, फुस्स्-फुस्स्, सापासारखा, पायांखालून येणारा. मी आबांना म्हणाले, "आबा, खाली काहीतरी वाजतंय." ते बोलले नाहीत. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान माझ्याकडं वळवली, पण फार सावकाश, आणि त्यांचे डोळे माझ्यावर न थांबता पुढं निघून गेले. "जहीराबादला थांबू," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. मी आबांना आयुष्यात कधी पान-तंबाखूसुद्धा खाताना पाहिलं नव्हतं, आणि ते दारू प्यालेल्या माणसासारखे बोलत होते.

 मी मागं वळले. "आई!" आईचे डोळे अर्धे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि ओळख न दाखवता मिटले. "छबू! ए छबे, ऊठ." मी सीटवरून वाकून तिचा दंड धरून हलवला. तिचं डोकं आईच्या मांडीवरून घसरून सीटवर पडलं आणि तसंच राहिलं. झोपलेलं लेकरू असं पडत नाही. पोतं पडतं असं.

"आबा, गाडी थांबवा!"

"थांबू... पुढं थांबू..."

समोरून भोंगा आला. लांब, न थांबणारा. आम्ही रस्त्याच्या उजव्या अंगाला गेलो होतो आणि समोर लॉरी होती. आबांचे हात स्टिअरिंगवर होते, पण नुसतेच ठेवल्यासारखे. मी दोन्ही हातांनी चाक माझ्याकडं ओढलं. लॉरी इतक्या जवळून गेली, की तिचा वारा माझ्या फटीतून तोंडावर आपटला. मग मी किल्ली फिरवली. तोपर्यंत बापाच्या हातातली वस्तू मी कधी काढून घेतली नव्हती. इंजिन मेलं, गाडी घरंगळत खाली उतरली आणि उसात शिरून थांबली.

मी दार उघडून पडलेच बाहेर. मागचं दार ओढलं. मला आठवतं ते एवढंच, की छबू मला उचलेना. इतकीशी ती, रोज कडेवर घ्यायची मी तिला, आणि ती दगडासारखी जड झाली होती. लॉरीवाला पुढं जाऊन थांबला होता. तो आणि त्याचा साथीदार शिव्या देत पळत आले, आणि जवळ येताच शिव्या थांबल्या. "एमैंदम्मा? एमैंदी?" काय झालं ते मला कोणत्याच भाषेत सांगता येईना. त्यानं छबूला माझ्या हातातून घेतलं, तिच्या छातीला कान लावला, आणि तिला घेऊन लॉरीकडं धावत सुटला. साथीदारानं आईला उचललं. आबा आपल्या पायांनी उतरले, दोन पावलं चालले आणि उसात गुडघ्यांवर बसून ओकायला लागले. त्यांचा पांढरा शर्ट. मी त्यांना दंडाला धरून ओढत लॉरीपर्यंत नेलं.

जहीराबादच्या दवाखान्यात छबूच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. तो मोठ्या माणसाचा होता, तिचा निम्मा चेहरा त्यात बुडाला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आबांना विचारलं, "गाडी का धुआँ अंदर आ रहा था क्या?"

"नाही," आबा म्हणाले. "वास नव्हता. काही नव्हतं. मला कळलं असतं."

"जिस चीज की बू आती, वो अलग," डॉक्टर म्हणाले. "इसकी नहीं आती. बस नींद आती."

आई शुद्धीवर आल्यावर तिला खाटेवर राहवेना. ती धडपडत येऊन जमिनीवर बसली आणि छबूचे पाय हातांत धरले. डोळे मिटून ती हळूहळू त्रिशरण म्हणत होती. विहारात म्हणायची तो संथ स्वर नव्हता तो. शब्द मोडत होते, मध्येच थांबून छबूचे तळवे चोळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आबा दाराबाहेर उभे होते. आत यायला घाबरत होते. दुपार कलली, दवाखान्याच्या अंगणात शेळ्या येऊन गेल्या, कुणीतरी आमच्यापुढं चहा ठेवला, तो निवून साय आली. डॉक्टर मधूनमधून छबूच्या पापण्या उघडून बघायचे आणि काही न बोलता जायचे. ते काही बोलत नाहीत याचा अर्थ काय, हे मी दर वेळी त्यांच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न करायची.

संध्याकाळच्या सुमाराला छबूनं डोळे उघडले. आई तिच्यावर वाकली. "छबू, मी कोण?" छबूनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं, परक्या बाईकडून फिरवावं तसं. आईचा त्या क्षणीचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी छबूनं तिला आई म्हणून हाक मारली, माझं नाव घेतलं, बाहुली मागितली. पण भय घरात शिरलं होतं ते गेलं नाही. बरकतपुऱ्याला परतल्यावर कितीतरी दिवस आम्ही तिची गुपचूप परीक्षा घेत राहिलो. पाढे म्हणून घ्यायचे, शेजाऱ्यांची नावं विचारायची. ती चुकली की सगळ्यांच्या छातीत धस्स व्हायचं, आणि खरं तर ती आधीही पाढ्यांत चुकायचीच. ती झोपली की आई जेवायचं सोडून उठायची आणि तिच्या नाकापुढं हात धरायची.

लग्न आमच्याशिवाय लागलं. गाडी करीमभाईंनी दुसऱ्या गाडीमागं बांधून आणवली. खाली शिरून त्यांनी बघितलं आणि बाहेर येऊन तिथंच जमिनीवर बसून राहिले. पाइप जोडापासून हातभर फाटला होता, बरोबर मागच्या सीटच्या खाली. आणि तिथं तळाला जुन्या बोल्टांची भोकं होती, ती पोत्यांनी झाकली होती, बुजवली नव्हती. शेपटीतून जो धूर बाहेर पडायचा तोही डिकीखाली कोंडून, डिकीच्या कुजलेल्या रबरातून आत ओढला जात होता. "मेरी बच्ची होती तो?" एवढंच ते म्हणाले.

आबांनी गाडीकडं बघणं सोडलं. जी येईल त्या किमतीला ती विकून टाकायची, त्यांनी ठरवलं. एक गिऱ्हाईक घरी आलं, काचीगुड्याचा कापडवाला, मोकळ्या मनाचा माणूस. चहा पिताना म्हणाला, "बच्चे बहोत खुश होंगे साब. पीछे की सीट क्या बडी है!" आई आत भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी येत नसे.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली.

आबा गोंधळले. "अगं, तूच तर..."

"त्यांची लेकरं मागं बसतील." ती त्या माणसाकडं न बघता बोलत होती. "आपलं वाचलं म्हणून दुसऱ्याचं मारायचं का? आधी नीट करा. मग विका, नाहीतर मोडीत घाला."

कापडवाला पेला खाली ठेवून निघून गेला. आणि आबा रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. आवाज न करता, हात मांडीवर तसेच ठेवून.

त्यानंतर आबा आणि करीमभाईंनी ते काम पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी घाई नव्हती. इंजिन उचलून थोडं बाजूला सरकवलं, त्याच्या पायांखालचे जाड रबर बदलले म्हणजे थरथर कमी होईल. पाइप सलग, एकाच तुकड्याचा वाकवून घेतला. इंजिन हललं तरी जोड ताणू नये म्हणून मध्ये लोखंडी जाळीचा लवचीक तुकडा घातला. सायलेन्सर छोटा बसवला आणि शेपटी बंपरच्या चांगली बाहेर काढली. तळाची सगळी भोकं पत्रा लावून वेल्डिंगनं बुजवली, डिकीला नवं रबर. मग करीमभाईंनी शेपटीत ओला फडका कोंबला, इंजिन चालू केलं आणि साबणाचं पाणी जोडांवर ओतलं. कुठंही बुडबुडा आला नाही. धुराला वाट न मिळाल्यानं इंजिन गुदमरून आपोआप बंद पडलं. "देखो," ते म्हणाले, "अब इसका दम बाहर छोडके कहीं नै जाता."

आई त्या दिवशी आमच्याबरोबर अफझलगंजला आली होती. तिनं साबणाचं पाणी बघितलं, फडका बघितला. मग म्हणाली, "चालू करा. मी आत बसते."

सगळे एकदम बोलायला लागले. करीमभाई म्हणाले, "अम्मा, नक्को. मैं बैठताऊँ." आबा म्हणाले, "मी बसतो." आईनं ऐकलं नाही. "तुम्ही दोघांनी केलंय ते. तुम्हाला ते बरंच दिसणार," ती म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली, जिथं छबू झोपली होती तिथं. काचा लावल्या. माझ्या बाजूची काचही आता पूर्ण वर येत होती. काय झालं मला कोण जाणे, मी दुसरं दार उघडून तिच्याशेजारी जाऊन बसले.

"उतर सुजे."

"नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझा हात घट्ट धरला. आबांनी पुढच्या दारातून वाकून किल्ली फिरवली आणि दार बाहेरून लावून घेतलं. आत सगळं थरथरलं आणि मग स्थिर झालं. काचेपलीकडं आबांचा चेहरा, काचेला जवळजवळ चिकटलेला, आणि करीमभाईंचे ओठ हलताना दिसत होते, ते काही पुटपुटत होते. आत कातड्याचा, तेलाचा वास होता. पण ज्याची आम्ही वाट बघत होतो त्याला वास नसतो हे आम्हाला माहीत होतं. श्वास घ्यायचीच भीती वाटत होती. आई म्हणाली, "बोलत राहा माझ्याशी. गप्प बसू नको." मी काय बोलू? मी कॉलेजातल्या मैत्रिणींची नावं सांगितली, कुणाच्या घरी काय जेवले ते सांगितलं. माझं डोकं दुखतंय का, पापण्या जड झाल्यात का, की भीतीनंच तसं होतंय, काही कळेना. आईचा तळवा घामानं भिजला होता. आबांनी दोनदा दाराला हात घातला, दोन्ही वेळा आईनं आतून मान हलवली. अजून नाही.

ती उतरली तेव्हा तिचं अंग थंडगार होतं, पण डोकं स्वच्छ. "आता ठीक आहे," ती म्हणाली. आबांनी तिला सगळ्या बोळासमोर धरलं.

गाडी मग विकलीच गेली नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आबा आधी जहीराबादची सगळी हकिगत सांगायचे, आणि ते ऐकून कुणी थांबत नसे. शेवटी लोक यायचे थांबले. उन्हाळा संपता संपता आबा एके दिवशी आईला म्हणाले, "गावाला जाऊन यावं का?"  दोन दिवसांनी आईनं दशम्या केल्या.

या वेळी चारी काचा पूर्ण खाली होत्या. केसांत धूळ भरली, तोंडात कचकच झाली, कुणी तक्रार केली नाही. उसाची ती जागा आली तेव्हा आईनं छबूला जवळ ओढून घेतलं. बीदर गेलं, उदगीर गेलं. आबांनी रस्त्याकडेला थांबून शर्ट बदलला. पुढचा रस्ता कच्चा, तांबूस मातीचा, दोन्हीकडं उतार. तोच तो रस्ता. आबा ताठ बसले होते. आणि मी सहज मागं बघितलं तर छबू झोपली होती, आईच्या मांडीवर, तोंड थोडं उघडं.

 आबांनी माझी मान वळलेली बघितली, आरशात बघितलं, आणि त्यांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. त्या ओसाड रस्त्यावर नुसता वारा होता. आईनं छबूच्या नाकापुढं हात धरला होता. आबा सीटवरून मागं वळले होते, मीही, आणि तिघंही आम्ही श्वास रोखून त्या एवढ्याशा छातीकडं बघत होतो. "छबू," आबांनी हाक मारली. ती हलली नाही. "छबू, बाळा." त्यांचा आवाज फाटला.

छबूनं कपाळाला आठ्या घातल्या, डोळे न उघडताच आईचा हात नाकापासून बाजूला ढकलला, आणि वैतागून म्हणाली, "काय आहे? गाव आलं का?"

"येतंय," आबा म्हणाले. "तू झोप."